एक नांगर, पाच केबल: फिनलंडच्या आखातातलं ईगल एस प्रकरण

२५ डिसेंबर २०२४, नाताळचा दिवस. दुपारी १२ वाजून २६ मिनिटांनी फिनलंड आणि एस्टोनियाला जोडणारी एस्टलिंक २ ही समुद्राखालची वीजवाहिनी अचानक ट्रिप झाली आणि रात्र होईपर्यंत त्याच पट्ट्यातल्या चार फायबर केबलही गेल्या. त्यातल्या तीन फिनलंड-एस्टोनिया अशा छोट्या केबल होत्या, दोन एलिसा कंपनीच्या आणि एक सिटिकची, आणि चौथी हेलसिंकीहून थेट जर्मनीतल्या रॉस्टॉकला जाणारी सिनियाची लांब केबल. पाचही ठिकाणी संशय एकाच जहाजावर गेला, ईगल एस नावाचा टँकर, झेंडा कुक आयलंड्सचा, रशियातल्या उस्त-लुगा बंदरातून साधारण ३५ हजार टन पेट्रोल भरून इजिप्तच्या पोर्ट सैदकडे निघालेला.

मी ऐरोलीत नेटवर्कचं काम करतो, दिवसभर लिंक वर आहे की खाली हेच बघायचं. माझे दाजी मर्चंट नेव्हीत चीफ ऑफिसर आहेत, सीवूड्सला राहतात. या प्रकरणावर आमचं वर्षभर बोलणं चालू आहे कारण अर्धं प्रकरण माझ्या कामाचं आहे आणि अर्धं त्यांच्या. बातम्यांमध्ये सगळं रशिया, शॅडो फ्लीट (निर्बंध चुकवून रशियाचं तेल वाहणारी जुनी जहाजं), घातपात याच्याभोवतीच फिरत राहिलं, ते महत्त्वाचं नाही असं नाही, पण त्या गोंधळात या प्रकरणातून शिकण्यासारखं जे आहे ते मागे पडलं म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी जागा समजून घ्या. हेलसिंकी आणि टॅलिन यांच्यात समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. आखात उथळ आहे, सरासरी खोली ३८ मीटरच्या आसपास. आखाताच्या पूर्व टोकाला रशियाची बंदरं, सेंट पीटर्सबर्ग, प्रिमोर्स्क, उस्त-लुगा, आणि तिथून निघणाऱ्या प्रत्येक जहाजाला पश्चिमेकडेच यावं लागतं, दुसरा रस्ताच नाही. आता दोन देशांना जोडणाऱ्या केबल बघा, फिनलंड वर आणि एस्टोनिया खाली, म्हणजे सगळ्या केबल उत्तर-दक्षिण. जहाजं पूर्व-पश्चिम. म्हणजे तुम्ही एक केबल टाका, चार टाका नाहीतर दहा टाका, त्या बाजूने येणारं प्रत्येक जहाज त्या सगळ्या ओलांडूनच जाणार. आणि त्या जहाजाचा नांगर खाली असेल तर तो एकामागून एक सगळ्यांना भेटणार. त्या दिवशी नेमकं हेच झालं, तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार समुद्रतळावर जवळजवळ ९० किलोमीटर नांगर ओढल्याची खूण मिळाली.

मला हे सगळ्यात जास्त लागलं. आपण रिडंडन्सी, म्हणजे एक बंद पडली तरी दुसरी चालावी ही सोय, नुसत्या लाइन मोजून ठरवतो. दोन लाइन आहेत, तीन लाइन आहेत, झालं. पण चारही लाइन एकाच धोक्याच्या वाटेवर आडव्या पडल्या असतील तर त्या धोक्यापुरत्या त्या एकच लाइन आहेत.

मग इंटरनेट बंद पडलं का? नाही, आणि प्रकरणाची ही बाजू फार कमी लोकांनी सांगितली. एलिसाच्या ग्राहकांना जवळपास काही कळलंच नाही, ट्रॅफिक दुसरीकडून वळला. कारण फिनलंडकडून स्वीडनकडे जाणारे रस्ते आहेत, समुद्रातून पण आणि उत्तरेकडून जमिनीवरून पण, एस्टोनियाकडून लाटव्हियामार्गे जमिनीवरून खाली युरोपात जाता येतं, आणि एस्टोनिया-स्वीडन अशाही केबल आहेत. म्हणजे वाचवलं ते त्या चार केबलच्या संख्येने नाही तर वेगळ्या दिशेला जाणाऱ्या वाटांनी वाचवलं. दोन्ही देशांनी हे आधीपासून करून ठेवलं होतं म्हणून नाताळच्या सुट्टीत लोक निवांत व्हिडिओ कॉल करत बसू शकले.

विजेचं मात्र तसं झालं नाही. एस्टलिंक २ ची क्षमता ६५० मेगावॅट, ती गेल्यावर दोन देशांमध्ये उरली फक्त एस्टलिंक १ ची साधारण ३५८. अंधार झाला नाही पण वेळ फार नाजूक होती, कारण एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया हे तिन्ही देश फेब्रुवारी २०२५ मध्ये रशियाच्या ग्रिडमधून बाहेर पडून युरोपच्या ग्रिडला जोडले जाणार होते, आणि ते ठरल्याप्रमाणे ९ फेब्रुवारीला जोडले गेलेही, मोठी केबल तुटलेली असताना. एस्टोनियाने तर उरलेल्या एस्टलिंक १ वर पहारा द्यायला नौदलाचं जहाज पाठवलं.

दुरुस्तीतला फरकही बघण्यासारखा आहे. सिनियाची केबल ६ जानेवारीला दुरुस्त झाली, एलिसाच्याही जानेवारीच्या सुरुवातीलाच. वीजवाहिनी परत चालू व्हायला २० जून २०२५ उजाडला, आणि तेही आधी सांगितलेल्या तारखेच्या आधी, सुरुवातीचा अंदाज ऑगस्टचा होता.

असं का, ते जरा सांगतो कारण छोट्या फायबर केबलची खासियत इथेच आहे. काचेच्या फायबरमधून प्रकाश जातो तेव्हा दर किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल कमी होतो, म्हणजे ८०-१०० किलोमीटरमध्ये १६ ते २० डेसिबल, एवढं एका टोकाचा लेझर आणि दुसऱ्या टोकाचा रिसीव्हर आरामात सांभाळतात. महासागर पार करणाऱ्या केबलमध्ये ठराविक अंतरावर रिपीटर, म्हणजे मंदावलेला प्रकाश पुन्हा वाढवणारी यंत्रं, लागतात, त्यांना किनाऱ्यावरून हजारो व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो. छोट्या केबलमध्ये समुद्रात इलेक्ट्रॉनिक्स काहीच नाही, नुसती काच आणि तिच्याभोवती पोलादी तारांचं चिलखत. सगळी मशिनरी दोन्ही किनाऱ्यांवर, गाडीने जाऊन हात लावता येईल अशा ठिकाणी. तुटली तर दोन्ही टोकांकडून ओटीडीआर हे तपासणीचं यंत्र लावायचं, प्रकाशाचा पल्स सोडायचा आणि परत येणाऱ्या उजेडावरून तुटलेलं ठिकाण किती किलोमीटरवर आहे ते काढायचं. स्क्रीनवर एक हळूहळू उतरणारी रेघ दिसते, मध्ये एक टोकदार उंचवटा आणि त्यानंतर नुसती खरखर. तो उंचवटा म्हणजे तुटलेलं टोक. मी हे रस्त्यावरच्या फायबरवर नेहमी बघतो, समुद्रातल्या केबलचा ग्राफही तसाच येतो. मग जहाज जातं, गळ टाकून एक टोक वर ओढतं, स्वच्छ कापून बोयाला बांधून ठेवतं, दुसरं टोक काढतं, मध्ये नवा तुकडा घालून एकेक फायबर फ्युजनने, म्हणजे काच वितळवून, जोडतं, जॉइंट बंद करतं आणि सगळं परत तळाला सोडतं. उथळ पाण्यात हे काम लहान जहाजानेही होतं. खरी अडचण हवामानाची, वारा सुटला की हा जोड (स्प्लाइस) करणारा माणूस हलत्या डेकवर केसाएवढी बारीक काच जोडू शकत नाही. वीजवाहिनीचं तसं नाही, ती जाडजूड, आतल्या इन्सुलेशनमध्ये पाणी शिरलेलं असतं तेवढी लांबी कापून टाकावी लागते, सुटी केबल आणि खास जहाज लागतं, जोड द्यायला खूप वेळ जातो, आणि वर हिवाळा.

आता नांगर. इथे मी दाजींना विचारलं की अकरा टनांचा नांगर पडतो आणि कोणाला कळत नाही हे होऊ शकतं का. त्यांनी लगेच हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. बंदर सोडलं की नांगर पूर्ण वर घेतात, विंडलासचा, म्हणजे नांगराची साखळी ओढणाऱ्या यंत्राचा, ब्रेक घट्ट आवळतात, चेन स्टॉपरचा दांडा साखळीच्या कडीवर आडवा पाडून पिन घालतात आणि वरून वायर किंवा चेनचं लॅशिंग बांधतात, म्हणजे ब्रेक, स्टॉपर, लॅशिंग असे तीन अडथळे. तिन्ही एकाच वेळी नीट असतील तर नांगर आपोआप पडत नाही. "पण जुन्या जहाजावर ब्रेकचं लायनिंग झिजलेलं असतं, स्टॉपर गंजून पूर्ण बसत नाही, आणि लॅशिंग बांधलं असं वहीत लिहिलेलं असतं," असं ते म्हणाले. साखळी सुटली की फोरकॅसलवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या डेकवर, जो आवाज होतो आणि गंजाचा लालभडक धुरळा उडतो तो एकदा बघितलेला माणूस विसरत नाही म्हणे. पण टँकरवर ब्रिज (जिथून जहाज चालवतात ती खोली) आणि राहायची जागा मागच्या टोकाला, ईगल एस सव्वादोनशे मीटरपेक्षा लांब, डिसेंबरची थंडी, पुढे डेकवर कोणी नाही. आवाज नाही ऐकू आला हे ते मान्य करतात.

जे मान्य करत नाहीत ते पुढचं. अकरा टनांचा नांगर आणि त्यामागची साखळी तळावरून ओढत असताना इंजिनाचे आरपीएम तेच राहतात आणि स्पीड खाली येतो. हे ब्रिजवर समोर दिसतं, त्याला आवाज ऐकायची गरज नाही. खटल्यात सरकारी पक्षाचाही मुद्दा हाच होता की स्पष्ट खुणा असताना बघायला कोणी गेलं नाही. बचाव पक्षाचं म्हणणं असं की नांगर यंत्रणेच्या बिघाडाने पडला आणि स्पीड कमी झाला तो इंजिनाच्या त्रासामुळे असं वाटलं. जहाजाची नंतर तपासणी झाली तेव्हा ३२ त्रुटी निघाल्या, त्यामुळे इंजिनावर संशय घेणं अगदीच अशक्य नव्हतं. दाजींचं मत ठाम आहे की स्पीड कारणाशिवाय पडला तर पुढे एक माणूस टॉर्च घेऊन पाठवायचा, हे काम दहा मिनिटांचं आहे आणि ते न करणं हा निष्काळजीपणाच, मग हेतू काहीही असो. मला हे पटतं.

फिनलंडने त्या रात्री केलेली कारवाई मात्र अव्वल होती. तुर्वा या गस्ती जहाजाने टँकर गाठला, साखळी वर घेतली तर डावा नांगर जागेवर नव्हता. टँकरला फिनलंडच्या हद्दीतल्या पाण्यात यायला सांगितलं, तो आला, आणि मध्यरात्रीनंतर हेलिकॉप्टरमधून पोलिस आणि बॉर्डर गार्डची माणसं डेकवर उतरली. पुढच्या वाटेवर एस्टलिंक १ आणि बाल्टिककनेक्टर गॅस पाइपलाइन होती. हीच पाइपलाइन ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसऱ्या एका जहाजाच्या नांगराने फाटली होती. त्या वेळी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये लिथुआनिया-स्वीडन केबल तुटली तेव्हा जहाज हातातून निसटलं होतं किंवा दुसऱ्या देशाच्या परवानगीची वाट बघत बसावं लागलं होतं. या वेळी थांबले नाहीत. हरवलेला नांगर जानेवारीत स्वीडिश नौदलाच्या बेलोस जहाजाच्या मदतीने तळावरून काढला. १४ जानेवारीला नाटोने बाल्टिकमध्ये गस्तीची वेगळी मोहीम सुरू केली. टँकर मार्चमध्ये सोडून दिला, पण कॅप्टन आणि दोन अधिकाऱ्यांवर खटला चालला. कॅप्टन जॉर्जियाचा, अधिकाऱ्यांपैकी एक जॉर्जियन आणि एक भारतीय.

भारतीय हा शब्द वाचला की आमच्या घरी सगळे गप्प होतात. नवी मुंबईत हे लांबचं नाही. करावेला मर्चंट नेव्हीचं प्रशिक्षण देणारं टी. एस. चाणक्य आहे, बेलापूरला क्रू भरती करणाऱ्या ऑफिसांच्या पाट्या एकाखाली एक, नेरूळ-सीवूड्समध्ये बिल्डिंगमागे एखादं तरी घर जहाजावरच्या माणसाचं. मालक कोण ते कागदावर धड कळत नाही, झेंडा तिसऱ्याच देशाचा, विमा कसा आहे माहीत नाही, अशा जहाजावर पोरं जातात कारण जॉइनिंग लवकर मिळतं. आणि अडकतो तेव्हा तो माणूस एकटा अडकतो.

खटला हेलसिंकी जिल्हा न्यायालयात २५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला. सरकारी पक्षाने अडीच वर्षांची शिक्षा मागितली, दुरुस्तीचा खर्च किमान ६ कोटी युरो सांगितला. ३ ऑक्टोबरला निकाल लागला: फिनलंडच्या न्यायालयाला हे प्रकरण चालवायचा अधिकारच नाही. दोषी की निर्दोष हा प्रश्न तिथपर्यंत पोचलाच नाही. उलट आरोपींच्या वकिलांचा खर्च, साधारण १ लाख ९५ हजार युरो, फिनलंड सरकारवर पडला. सरकारी पक्षाने अपील करायचं ठरवलं.

कारण नीट समजून घ्या. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल म्हणजे देशाची हद्द, तिथे देशाचा फौजदारी कायदा चालतो. त्यापुढे आर्थिक क्षेत्र, तिथे मासे आणि तेलावर हक्क आहे पण परक्या झेंड्याच्या जहाजावर सरसकट पोलिसी हक्क नाही. फिनलंडचं आखात इतकं अरुंद आहे की दोन्ही देशांनी पूर्ण १२ मैल घेतले असते तर मध्ये मोकळं पाणी उरलंच नसतं, म्हणून दोघांनी मधल्या रेषेपासून किमान तीन-तीन मैल सोडून जहाजांसाठी मोकळी पट्टी ठेवली. केबल तुटल्या त्या हद्दीबाहेरच्या पाण्यात. आणि १९८२ च्या समुद्र कायद्याच्या ९७ व्या कलमाप्रमाणे हद्दीबाहेर टक्कर किंवा जहाज चालवण्यातला दुसरा अपघात झाला तर खटला झेंड्याचा देश किंवा त्या खलाशाचा स्वतःचा देश चालवणार. म्हणजे कुक आयलंड्स, जॉर्जिया किंवा भारत. नांगर पडणं हे न्यायालयाने जहाज चालवण्यातली घटना मानली.

आपल्याकडे हे कलम एकदा गाजलंय. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्यापासून साधारण २० मैलांवर एन्रिका लेक्सी या इटालियन टँकरवरच्या सैनिकांनी दोन मच्छीमारांना गोळ्या घातल्या, तेव्हा इटलीने हेच ९७ वं कलम पुढे केलं होतं. २०२० मध्ये लवादाने सांगितलं की गोळीबार हा जहाज चालवण्यातला अपघात नाही, म्हणजे ते कलम लागू नाही, पण सैनिकांना वेगळ्या कारणाने संरक्षण मिळालं. गोळीबार नाही पण नांगर हो, अशी ती रेघ पडते. उद्या वर्सोव्यासमोर तीस मैलांवर परक्या झेंड्याच्या जहाजाने नांगर ओढत नेला तर हाच प्रश्न आपल्यासमोर येणार, आणि भारताच्या आंतरराष्ट्रीय केबलपैकी कितीतरी मुंबईतच उतरतात. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२३ मधल्या आकडेवारीत एकूण १७ केबल १४ स्टेशनांवर उतरत होत्या, त्या १४ पैकी एक तुतीकोरिन.

तुतीकोरिनचं नाव मुद्दाम घेतलं, कारण आपली शेजारी देशाला जोडणारी छोटी केबल तिथली. भारत-लंका केबल, तुतीकोरिन ते कोलंबोजवळचं माउंट लॅव्हिनिया, साधारण ३२५ किलोमीटर, २००६ मधली, बीएसएनएल आणि श्रीलंका टेलिकॉमची. त्याआधी दोन वर्षं, ऑगस्ट २००४ मध्ये, कोलंबो बंदराबाहेर एका भारतीय जहाजाच्या नांगराने सी-मी-वी ३ ही आंतरराष्ट्रीय केबल तोडली होती आणि श्रीलंकेचा बाहेरच्या जगाशी संपर्क मोठ्या प्रमाणात तुटला होता. भूगोल मात्र फिनलंडपेक्षा बरा. पाल्कची सामुद्रधुनी इतकी उथळ आहे की मोठी जहाजं तिथून जातच नाहीत, लंकेला वळसा घालतात, त्यामुळे धोका दोन्ही टोकांच्या बंदरांजवळ आणि ट्रॉलरचा. म्हणजे प्रत्येक केबलचा धोका वेगळा काढायला हवा, नुसतं समुद्राखाली आहे म्हणून सगळ्यांना एकच हिशोब लावून चालत नाही.

आणि आता आमच्या कामाचं. ऐरोलीतल्या एका ऑफिसची दोन वेगवेगळ्या कंपन्यांची लाइन होती, कागदावर पूर्ण रिडंडंट, महिन्याला दोन बिलं. ठाणे-बेलापूर रोडला दिघ्याजवळ खोदकामात एकाच चरातल्या दोन्ही फायबर गेल्या आणि दुपारभर ऑफिस बंद. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या परीने खरंच सांगितलं होतं, वेगळं फायबर, वेगळी केबल, फक्त चर एक. फिनलंडचंच चित्र, जहाजाऐवजी जेसीबी.

तेव्हापासून मी क्लायंटला लाइन किती हे विचारत नाही, कुठून ओलांडते ते विचारतो. वर्सोव्याकडून नवी मुंबईच्या डेटा सेंटरकडे येणाऱ्या कुठल्याही फायबरला खाडी ओलांडावी लागते नाहीतर कळव्याकडून वळसा घालावा लागतो. ओलांडायच्या जागा मोजक्याच, वाशीचा पूल, ऐरोलीचा पूल, २०२४ पासून अटल सेतू. एक लाइन वाशीवरून आणि दुसरी कळव्याकडून असेल तर ती दोन आहेत. दोन्ही ऐरोलीवरून असतील तर बिलं दोन आणि लाइन एक. सेल्सवाला हे सांगणार नाही, त्याच्याकडे मागावं लागतं, रूटचा नकाशा लेखी मागायचा आणि चर, चेंबर, पूल कोणाबरोबर शेअर आहे तेही लिहून घ्यायचं. भरपाईच्या कलमावर फार भिस्त ठेवू नका, फिनलंडसारख्या देशाला ६ कोटी युरोच्या नुकसानीवर स्वतःच्या न्यायालयात दाद मिळाली नाही.

२०२५ च्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, एलिसाची हेलसिंकी-टॅलिन केबल पुन्हा बिघडली आणि फिनलंडने फिटबर्ग नावाचं मालवाहू जहाज साखळी खाली सोडलेल्या अवस्थेत पकडलं. जहाज फिनलंडच्या आर्थिक क्षेत्रात, बिघाड एस्टोनियाच्या. या वेळीही ट्रॅफिक दुसरीकडून वळला. दाजी सध्या सिंगापूरकडे आहेत, त्यांना बातमी पाठवली तर त्यांचा एवढाच प्रश्न आला की स्पीड किती पडला होता. आमच्या त्या ऐरोलीच्या ऑफिसची एक लाइन आता कळव्याकडून येते, दुसऱ्या कंपनीला मी रूटचा नकाशा मागितलाय, तो अजून आलेला नाही आणि तो येईपर्यंत रिन्युअलवर सही करायची नाही असं क्लायंटशी ठरलंय.